लाकडातील जडावकाम : कारागिराचा इहसान आणि उम्मतची अमानत

दिव्य कुरआनच्या सूरह सबामध्ये (आयत १०-११) हजरत दाऊद (अलै.) यांच्याविषयी एक लक्षणीय उल्लेख आहे. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि चिलखते घडविण्याची आज्ञा दिली. या आज्ञेतच, कड्या जोडताना त्यांचे प्रमाण अचूक राखावे, अशी सूचनाही आहे. लगेच पुढे सत्कृत्ये करण्याचा आदेश येतो आणि अल्लाह तुमची सर्व कृत्ये पाहत आहे, याची जाणीव करून दिली जाते. एका पैगंबराला ग्रंथ व सत्ता बहाल करणारा रब त्याच पैगंबराला कडीला कडी कशी जुळवावी हेही शिकवितो. कामातील अचूकपणा आणि कर्मातील सदाचार ही दोन्ही एकाच संबोधनात येतात. हाताचे काम हे दीनच्या बाहेरचे काम आहे, असे मानणाऱ्यांनी या आयतीपाशी थोडे थांबावे.

हजरत नूह (अलै.) यांनी अल्लाहच्या देखरेखीखाली नौका बांधली. त्यांच्या कौमचे सरदार जवळून जाताना त्यांची थट्टा करीत, असे सूरह हूद (आयत ३७-३८) सांगते. काही मुफस्सिरांनी या थट्टेचे स्वरूप असे लिहिले आहे की, पैगंबरीचा दावा करणारा आता सुतार झाला, म्हणून ते हसत. हजरत जकरिया (अलै.) सुतारकाम करीत, हे सहीह मुस्लिममधील हदीसने सिद्ध आहे. आपल्या हातांच्या कमाईपेक्षा उत्तम अन्न कोणी कधी खाल्ले नाही, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे कथन सहीह बुखारीत आहे. या पार्श्वभूमीवर आपण लाकडातील जडावकामाचा इतिहास पाहू. ही कला मुस्लिम कारागिरांनी मशिदींच्या मिंबरांवर, दरवाजांवर आणि कुरआन ठेवण्याच्या रेहलांवर शतकानुशतके जोपासली. तिच्या इतिहासात आपल्या पिढीने विचार करावा असा एक धडाही आहे.

मस्जिद-ए-नबवीतील लाकूड

प्रेषित (स.) यांच्या मशिदीत प्रारंभी मिंबर नव्हते. आप (स.) खजुराच्या एका खोडाला टेकून खुतबा देत. पुढे एका अन्सारी स्त्रीच्या सुतार गुलामाने मदीनेजवळच्या 'गाबा' नावाच्या रानातील झावाच्या लाकडापासून मिंबर तयार केले. त्याला तीन पायऱ्या होत्या. आप (स.) मिंबरावर विराजमान झाले तेव्हा ते जुने खोड विरहाने हुंदके देऊ लागले, आणि आप (स.) यांनी खाली उतरून त्याला जवळ घेतले, ही घटना बुखारीत नोंदलेली आहे. त्या मिंबरावर कोणतीही नक्षी नव्हती. त्याचा मान त्यावरून बोलल्या गेलेल्या शब्दांमुळे होता.

मशिदीचे छप्पर खजुराच्या फांद्यांचे होते. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यात बदल केला नाही. हजरत उमर (रजि.) यांनी मशीद वाढविली, पण सामग्री तीच ठेवली. हजरत उस्मान (रजि.) यांनी मात्र कोरीव दगडाच्या भिंती व खांब उभारले आणि छपरासाठी 'साज' म्हणजे सागवान वापरले. सागाची झाडे अरबस्तानात होत नाहीत. हे लाकूड समुद्रमार्गे हिंदुस्थानकडून येई. आपल्या रानांत वाढणाऱ्या झाडाचे नाव अशा रीतीने मस्जिद-ए-नबवीच्या इतिहासात नोंदले गेले आहे.

जडावकाम म्हणजे काय?

लाकडाच्या पृष्ठभागावर खाच कोरून तिच्यात दुसऱ्या रंगाचे लाकूड, हाड, हस्तिदंत, शिंपला किंवा धातूची तार बसविणे, याला जडावकाम म्हणतात. जडविलेला तुकडा मूळ लाकडाच्या इतका समपातळीत बसला पाहिजे की, डोळे मिटून हात फिरविला तर सांधा लागू नये.

यातील दुसरा प्रकार इराणात 'खातमकारी' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात लाकूड, हाड व पितळ यांच्या अत्यंत बारीक त्रिकोणी काड्या तयार करतात. त्या सरसाने एकत्र जुळवून त्यांची जुडी बांधतात. जुडीच्या छेदावर तारकेची आकृती दिसते. मग जुडीच्या पातळ चकत्या कापून त्या पेटीवर किंवा चौकटीवर चिकटवितात. प्रत्येक चकतीवर तीच तारका उमटते. सुरुवातीच्या एका काडीचा कोन किंचित जरी चुकला, तरी ती चूक प्रत्येक चकतीत येते आणि नंतर ती झाकण्याची सोय राहत नाही.

तिसरा प्रकार मिंबर व दरवाजे यांच्यासाठी विकसित झाला. तुर्कस्तानात त्याला 'कुंदेकारी' म्हणतात. यात तारका व बहुभुज आकाराचे छोटे छोटे तुकडे स्वतंत्र घडवितात. एकाच्या कडेला बारीक खाच असते आणि दुसऱ्याची कड तिच्यात बसते. असे शेकडो तुकडे खिळा व सरस न वापरता एकमेकांत अडकवून संपूर्ण फलक उभा करतात. यामागे शोभेबरोबर एक व्यवहारी कारणही आहे. लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आकसते. रुंद फळी अशा हवेत वाकते किंवा तडकते. लहान तुकड्यांना खाचेत हलण्यास जागा असल्याने ऋतू बदलले तरी फलक अभंग राहतो.

या प्रकाराची नक्कलही झाली. काही ठिकाणी सरळ फळ्या जोडून त्यांवर केवळ वरून तुकड्यांची आकृती कोरली जाई. काम लवकर होई आणि प्रथमदर्शनी ते अस्सलसारखेच दिसे. परंतु वर्षे लोटली की फळ्या आकसत आणि नक्षीच्या मधोमध सरळ भेगा पडत. अस्सल कामात जो भाग डोळ्यांना दिसत नाही, तोच भाग संपूर्ण फलकाला धरून ठेवतो. माणसाच्या अमलाचेही असेच आहे. लोकांना दिसणारा भाग सजवून आतला सांधा कच्चा ठेवला, तर काळ तो उघडा पाडतो. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत इहसान, म्हणजे उत्कृष्टता, अनिवार्य केली आहे, असे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आले आहे. कुंदेकारीचा कारागीर ही शिकवण खाचेच्या आत पाळतो, जिथे अल्लाहशिवाय कोणी पाहत नाही.

कैरवानपासून कुर्तुबापर्यंत

इस्लामी जगातील जडावकामाचे नमुने फार जुने आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इजिप्तमधील इसवी सनाच्या आठव्या शतकातील एक फलक आहे. अंजिराच्या लाकडावर हाडाचे व चार जातींच्या लाकडांचे बारीक तुकडे बसवून तो सजविलेला आहे. इजिप्तमध्ये चांगले लाकूड दुर्मीळ होते. त्यामुळे तेथील कारागीर लहान तुकडाही वाया जाऊ देत नसत, आणि हीच टंचाई त्यांच्या कौशल्याची जननी ठरली.

आज अस्तित्वात असलेले सर्वांत जुने मिंबर ट्युनिशियातील कैरवानच्या जामे मशिदीत आहे. इसवी सन ८६२-६३ च्या सुमारास अगलबी अमीर अबू इब्राहीम अहमद याच्या काळात ते तयार झाले. ते सागवानी असून सुमारे ३०० तुकड्यांचे आहे. यातील काम मुख्यतः कोरीव आहे. पण लहान फलक जोडून मोठी बाजू उभी करण्याची पद्धत येथे स्पष्ट दिसते.

अंदलुसमध्ये ही कला शिखरावर पोहोचली. इसवी सन ११३७ (हिजरी ५३२) मध्ये मुराबितीन घराण्याचा अमीर अली बिन यूसुफ याने मराकेशच्या आपल्या मशिदीसाठी कुर्तुबा येथे मिंबर बनविण्यास सांगितले. ३.८६ मीटर उंचीचे हे मिंबर सुट्या भागांत मराकेशला नेण्यात आले. त्याच्या दोन्ही बाजूंवर कोरीव फलक आहेत आणि त्यांच्या भोवती हाड व रंगीत लाकडांच्या इवल्याशा तुकड्यांच्या पट्ट्या आहेत. दहा वर्षांनी, ११४७ मध्ये, मुवहिदीनांनी शहर जिंकले. ते जुन्या राजवटीचे कडवे विरोधक होते आणि सजावटीच्या बाबतीत कठोर होते. तरीही हे मिंबर त्यांनी नष्ट केले नाही. त्यांनी ते आपल्या कुतुबिया मशिदीत नेले आणि पुढे शतकानुशतके त्यावरून खुतबा होत राहिला. १९९६-९७ मध्ये मोरोक्कोचे कारागीर व मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे तज्ज्ञ यांनी मिळून त्याची डागडुजी केली. सत्ता बदलली, वंश बदलला. पण प्रामाणिक कारागिरीपुढे विजेत्यांनीही मान झुकविली.

अलेप्पोहून अल-अक्साकडे

या इतिहासातील सर्वांत हृदयस्पर्शी प्रकरण सीरियातील अलेप्पो, म्हणजे हलब, येथे घडले. बैतुल मुकद्दस १०९९ पासून सलीबी फौजांच्या ताब्यात होते. अशा वेळी सुलतान नूरुद्दीन महमूद जंगी याने हिजरी ५६४ (इसवी सन ११६८-६९) मध्ये हलबच्या सुतारांना एक मिंबर घडविण्यास सांगितले. ते अल-अक्सा मशिदीसाठी होते. त्या मशिदीत तेव्हा अजान होत नव्हती. कारागीर हातात पटाशी घेऊन अशा जागेसाठी तुकडे घडवीत होते, जिथे जाण्याची वाटही मोकळी नव्हती. त्यांनी या मिंबरावर आपली नावे कोरली. हुमैद बिन जाफिर हे त्यांपैकी एक नाव आहे. सुलतानाच्या नावाच्या जोडीने सुताराचे नाव मिंबरावर असावे, हे त्या काळातील हुनराच्या प्रतिष्ठेचे प्रमाण आहे.

नूरुद्दीन ११७४ मध्ये अल्लाहला प्यारा झाला. आपले मिंबर त्याच्या जागी पोहोचलेले त्याला पाहता आले नाही. २७ रजब ५८३, म्हणजे २ ऑक्टोबर ११८७ रोजी सुलतान सलाहुद्दीन अय्यूबीने बैतुल मुकद्दस परत मिळविले. त्यानंतर त्याने हलबहून ते मिंबर मागवून अल-अक्सामध्ये बसविले. ज्याने स्वप्न पाहिले तो निघून गेला होता. पण काम पुरे होऊन तयार होते.

जवळजवळ आठ शतके ते मिंबर तेथे उभे होते. २१ ऑगस्ट १९६९ रोजी एका ऑस्ट्रेलियन इसमाने मशिदीत आग लावली आणि मिंबर जळून गेले. उरलेले थोडे अवशेष हरम शरीफच्या इस्लामी संग्रहालयात ठेवलेले आहेत. या आगीने सारे मुस्लिम जग हादरले. पुढच्याच महिन्यात रबात येथे मुस्लिम राष्ट्रांची परिषद भरली आणि तिच्यातून इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेचा जन्म झाला.

यानंतरची हकिकत अधिक विचार करण्याजोगी आहे. मिंबर पुन्हा घडवावे अशी इच्छा सर्वांची होती आणि द्रव्याचीही अडचण नव्हती. परंतु मूळ आराखडे कोठेच नव्हते. तुकडे कोणत्या भूमितीने जुळतात, हे जाणणारे कारागीर सहज सापडेनात. ज्या उम्मतच्या सुतारांनी बाराव्या शतकात हे काम केले, तिच्यापाशी विसाव्या शतकात ते ज्ञान हाताशी उरले नव्हते. जॉर्डनच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेण्यात आली. मिनवर अल-मुहैद या अभियंत्याने जुन्या छायाचित्रांवरून वर्षानुवर्षे अभ्यास करून आकृतींचे कोडे उलगडले. जॉर्डनच्या सल्त शहरातील अल-बल्का विद्यापीठात या कामासाठी पारंपरिक इस्लामी कलांची संस्था उभी राहिली. तुर्कस्तान, इंडोनेशिया, इजिप्त व जॉर्डन अशा देशांचे कारागीर एकत्र आले. अक्रोडाचे लाकूड, आबनूस व हस्तिदंत यांचे सोळा हजारांहून अधिक तुकडे खिळ्याविना एकमेकांत बसविले गेले. २००७ च्या प्रारंभी नवे मिंबर अल-अक्सामध्ये विराजमान झाले. आगीने काही तासांत जे नेले, ते परत घडविण्यास सदतीस वर्षांहून अधिक काळ लागला. यातील बराच काळ हरवलेली विद्या पुन्हा शिकण्यात गेला.

हिंदुस्थानातील वारसा

आपल्या देशातही ही कला बहरली. सोळाव्या-सतराव्या शतकांत गुजरातचे कारागीर लाकडी पेट्यांवर शिंपल्याचे चमकदार तुकडे जडवीत आणि त्या वस्तू तुर्कस्तान व युरोपपर्यंत जात. खातमकारीशी जवळचे नाते असलेली 'सादेली' नावाची पद्धत सुरतेत रुजली. ती इराणातील शिराझहून आली, असे सांगितले जाते. काड्यांच्या जुडीच्या चकत्या कापून चंदनाच्या पेट्यांवर चिकटविण्याचे हे काम पुढे मुंबईत इतके वाढले की, परदेशात त्या पेट्या 'बॉम्बे बॉक्स' म्हणूनच ओळखल्या जाऊ लागल्या. या व्यवसायात पारशी कारागीरही अग्रभागी होते. पंजाबात होशियारपूर आणि दक्षिणेत म्हैसूर ही शिसवी लाकडावरील जडावकामाची केंद्रे बनली. म्हैसूरच्या या कामाला भौगोलिक मानांकन लाभले आहे आणि तेथे अनेक मुस्लिम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आली आहेत.

सजावट, उधळपट्टी आणि शरीअतची मर्यादा

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. प्रेषित (स.) यांचे मिंबर साधे होते, मग मशिदीत एवढी नक्षी कशाला? हा प्रश्न रास्त आहे. हजरत उमर (रजि.) यांनी मशिदीचे बांधकाम करवून घेताना, लोकांना पावसापासून निवारा द्यावा आणि लाल-पिवळ्या रंगांनी नमाजींचे लक्ष विचलित करू नये, अशी ताकीद दिली होती. खुद्द प्रेषित (स.) यांनी नमाजमध्ये लक्ष वेधणारी नक्षीची चादर काढून परत पाठविली होती. म्हणून मशिदीच्या सजावटीची चढाओढ, नमाजींचे ध्यान भंग करणारी रोषणाई आणि गरजूंचा हक्क मारून केलेला खर्च यांचे समर्थन या लेखातून कोणी काढू नये. वक्फच्या पैशाबाबत तर अधिकच सावधगिरी हवी.

परंतु इस्राफ व इहसान या दोन भिन्न गोष्टी आहेत. साधी वस्तूही उत्कृष्टपणे घडविता येते आणि महागडी वस्तूही निष्काळजीपणे उभी करता येते. तीन पायऱ्यांचे साधे मिंबर अचूक सांध्यांनी घडविणारा सुतार इहसानवर आहे. झगमगाटाखाली कच्चे काम लपविणारा नाही.

दुसरा प्रश्न हस्तिदंताचा. हनफी फुकहांनी हस्तिदंत पाक मानून त्याचा वापर वैध ठरविला. शाफई मसलकात मृत प्राण्याचे हाड नापाक गणले जाते. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई असल्याने त्यांच्या घरांत हा मसला विशेष महत्त्वाचा आहे. आज मात्र दोन्ही मसलकांच्या अनुयायांसाठी व्यवहार एकच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. हत्तीसारख्या प्राण्याचा चैनीसाठी संहार होऊ नये, हा त्यामागील हेतू इस्लामच्या शिकवणीशी सुसंगतच आहे. म्हैसूर व होशियारपूरचे कारागीर आता हस्तिदंताच्या जागी अन्य रंगांची लाकडे व प्लास्टिक वापरतात. साहित्य बदलले तरी हाताचे कसब टिकते.

हुनर ही अमानत

समाजाला आवश्यक असलेले व्यवसाय फर्ज-ए-किफाया आहेत, असे इमाम गजाली (रह.) यांनी इह्याउल उलूममध्ये लिहिले आहे. शेती, विणकाम, शिवणकाम यांची उदाहरणे त्यांनी दिली आहेत. कोणीच ते केले नाहीत तर सारा समाज दोषी ठरतो. जडावकाम ही जीवनावश्यक गोष्ट नाही, हे मान्य. पण ज्या सुतारकामातून ते उगवते, ते निश्चितच आवश्यक आहे. आणि अल-अक्साच्या मिंबराने दाखवून दिले की, शोभेची वाटणारी विद्याही एखाद्या दिवशी उम्मतची निकड बनू शकते.

ही विद्या हरवते कशी? कोणी मुद्दाम तिचा नाश करीत नाही. आधी आपण कारागिराला त्याच्या श्रमाचा पुरा मोबदला देत नाही. मग त्याच्याशी नाते जोडण्यास संकोच करतो. शेवटी तो स्वतःच आपल्या मुलाला सांगतो की, तू हे करू नकोस. आपल्या घरांत मुलीसाठी स्थळ पाहताना, मुलगा दीनदार व कमावता असूनही 'सुतारकी करतो' एवढ्यावरून नकार दिला जातो, हे कटू सत्य आहे. अबू हिंद (रजि.) सिंगी लावण्याचा, म्हणजे हिजामाचा, व्यवसाय करीत. प्रेषित (स.) यांनी बनू बयाजाच्या लोकांना त्यांच्याशी विवाहसंबंध जोडण्यास सांगितले. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. ज्या धंद्याला लोक कमी लेखीत, त्याच धंद्यातील माणसासाठी आप (स.) यांनी शब्द टाकला.

मुस्लिम इतिहासातील उदाहरणेही आपल्या गैरसमजाला उत्तर देतात. इस्तंबूलची प्रसिद्ध सुलतान अहमद मशीद (१६०९-१६१६) ज्याने बांधली, तो वास्तुविशारद महमद आगा 'सदफकार' म्हणून ओळखला जाई. सदफ म्हणजे शिंपला. शिंपल्याचे जडावकाम हा त्याचा मूळ हुनर होता. एवढी भव्य मशीद बांधल्यावरही तेच बिरुद त्याच्या नावापुढे राहिले. सुलतान अब्दुल हमीद (द्वितीय) स्वतः उत्तम सुतार होता आणि राजवाड्यातील कारखान्यात आपल्या हातांनी सामान घडवीत असे.

आपल्या मुलांनी डॉक्टर, अभियंता, वकील व्हावे. त्यात गैर काहीच नाही. पण ज्या मुलाचा कल हाताच्या कामाकडे आहे, त्याला नापास ठरवू नये. त्याला आयटीआयमध्ये पाठवावे, चांगल्या उस्तादाच्या हाताखाली बसवावे आणि त्याच्या कामाचा घरात आदर व्हावा. मशिदीसाठी मिंबर किंवा रेहल करून घेताना विश्वस्तांनी केवळ सर्वांत स्वस्त दर न पाहता कारागिराला वाजवी मोबदला द्यावा. मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्यापूर्वी द्यावी, ही शिकवण आपण सर्वजण जाणतो; तिची अंमलबजावणी आपल्या दारातूनच सुरू व्हावी.

घरातील अभ्यासासाठी

१. सूरह सबा, आयत १०-११ कुटुंबाने एकत्र बसून अनुवादासह वाचावी. कामातील अचूकता व सदाचार यांचा संबंध मुलांना त्यांच्या शब्दांत सांगण्यास सांगावे.
२. आपल्या मशिदीचे मिंबर मुलांना जवळून दाखवावे. ते कोणत्या लाकडाचे आहे, कोणी व केव्हा बनविले, याची चौकशी करावी.
३. इस्राफ आणि इहसान यांतील फरक आपल्या घरातील एखाद्या खर्चाच्या उदाहरणाने स्पष्ट करावा.
४. आपल्या कुटुंबात पूर्वी कोणता हुनर होता, तो कोणापाशी उरला आहे, हे वडीलधाऱ्यांकडून जाणून घ्यावे.

अल्लाह तआला आपल्या हातांना हलाल रोजी, आपल्या कामांना इहसान आणि आपल्या अंतःकरणांना कष्टकऱ्यांचा आदर प्रदान करो. आमीन.